सोळा नंबरची चिठ्ठी

सर, तुमची शोकसभा अर्धा तास उशिरा सुरू झाली आणि त्याबद्दल कुणावर चिडावं हे मला कळेना, कारण उशीर झाला की मी आजवर तुमच्यावरच चिडत आले. प्राचार्यांनी तुम्हाला शिस्तप्रिय म्हटलं. बंडगर सर आणि शिस्तप्रिय. सहाचा सराव साडेसहाला सुरू करणारा, हजेरीपटावर मुलींची टोपणनावं लिहिणारा, क्रीडा विभागाचा शिक्का सापडत नाही म्हणून खेळाडूंच्या पात्रता अर्जांवर ग्रंथालयाचा शिक्का मारून मोकळा होणारा माणूस. मी पहिल्या रांगेत बसून मान हलवत होते. शोकसभेत मान हलवायचीच असते.

मग महिला फुटबॉल संघाची व्यवस्थापक म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी पाच मिनिटं बोलले. सभेला शोभेल असं सगळं बोलले आणि जे सांगायला हवं होतं तेवढं गिळलं. सेमीफायनलला तुम्ही माझ्या हातात दिलेली खेळाडू बदलाची चिठ्ठी मी पंचांच्या टेबलापर्यंत नेलीच नव्हती. हे तुम्ही असताना सांगितलं नाही आणि तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर, हातात माईक असतानाही सांगितलं नाही. म्हणून आता लिहिते आहे. तुम्हाला वाचायचा कंटाळा, हे मला ठाऊक आहे. विद्यापीठाची परिपत्रकंसुद्धा तुम्ही मला मोठ्यानं वाचायला लावायचा आणि मधेच म्हणायचा, "मुद्द्याचं तेवडं सांगा, म्याडम."

मुद्द्याचं सांगायचं तर मुळात तुम्ही फुटबॉलच्या वाटेला जायलाच नको होतं. तुम्ही खो-खोचे. आयुष्यभर खो-खो खेळलात, खेळवलात, तुमच्या गुडघ्यांचे हाल त्यानंच झाले. महापालिकेच्या शाळेत फुटबॉल शिकून आलेल्या चार मुली तुमच्याकडे आल्या आणि संघ काढा म्हणाल्या, तेव्हा तुम्ही विचारलं, "किती जणी लागत्यात?" अकरा म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "मग काय, आपल्यापेक्षा दोनच जास्ती की." एवढ्या भांडवलावर तुम्ही हो म्हणालात. मुलींच्या संघाबरोबर एक बाई शिक्षक लागते, हा नियम तुम्हाला दुसऱ्या दिवशी कळला. स्टाफरूममध्ये त्या तासाला मी एकटीच बसले होते. मी भूगोल शिकवते, मला खेळातलं काही कळत नाही, असं मी तुम्हाला तीनदा सांगितलं. "नुसतं संगट यायचं, म्याडम. बाकी मी बघतो."

तुम्ही काय बघितलंत ते मी पहिल्याच सामन्यात पाहिलं. राखीव मुलींना बसायला बाक होता. तुम्ही तो बाक नाकारला आणि पाचही जणींना मैदानाच्या कडेला उकिडवं बसवलंत, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, अगदी खो-खोत बसतात तशा. समोरच्या कॉलेजची पोरं हसत होती. बदली खेळाडू पाठवायची वेळ आली तेव्हा तुम्ही एकीच्या पाठीवर थाप मारून "खो" म्हणालात, आणि ती पोरगी सुसाट मैदानात शिरली. आतली बाहेर यायची होती, टेबलावर चिठ्ठी द्यायची होती, पंचांची परवानगी घ्यायची होती. बारा जणी खेळत होत्या. पंचांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि मला बोलावलं, तुम्हाला नाही. पंचांसमोर कान पकडायची ती माझी पहिली वेळ. त्यानंतरच्या वेळा मी मोजल्या नाहीत.

म्हणून मी फुटबॉल शिकले. तुमच्यावरच्या रागानं शिकले, हे स्पष्टच सांगते. नियमांचं पुस्तक पाठ केलं, मोबाइलवर सामने पाहिले, वहीत आकृत्या काढल्या. आपलं मैदान पूर्वेकडे उतरतं, त्यामुळे पहिल्या अर्ध्यात चढाकडे खेळायचं आणि पाय दमल्यावर उताराकडे, एवढं तरी भूगोलवालीला सुचलं. ऑफसाइड समजावायला मी स्टाफरूमच्या टेबलावर खडू मांडले. तुम्ही दहा मिनिटं शांतपणे ऐकलंत आणि एक खडू उचलून विचारलंत, "ही पोरगी कोण?" मी म्हटलं, कुणी नाही, खडू आहे. तुम्ही म्हणालात, "न्हाय, ही हितं एकलीच का हुबी हाय? हिला कुणी खेळवंना का?" त्या दिवशी मी खडू आवरून तासाला निघून गेले.

पण एक गोष्ट तुमच्या तोंडावर कधी कबूल केली नाही, ती आता करते. सानियाला तुम्ही खो-खोच्या खांबांमध्ये पळवलंत. एक खांब सोडून दुसऱ्याला वळसा, पुन्हा मागे, नागमोडी, रोज अर्धा तास, बॉलशिवाय. मी म्हणत होते, कॅप्टनचा वेळ फुकट चालला आहे. मग साखळी सामन्यांत ती बॉल घेऊन तशीच नागमोडी निघाली आणि समोरच्या तिघी नुसत्या हवेत हात मारत राहिल्या. दोन सामने त्या एका वळशावर जिंकलो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतंत तर मी हसले असते.

आपलं खरं भांडण एकच होतं. खो-खोत बसलेली पोरगी खेळातच असते, केव्हाही तिच्या पाठीवर थाप पडेल म्हणून ती तयार असते, आणि सगळ्या उठल्याशिवाय डाव होत नाही. फुटबॉलमध्ये तसं नसतं, हे मी तुम्हाला शंभर वेळा सांगितलं. इथं चांगल्या अकरा खेळतात आणि बाकीच्या थांबतात. तुम्हाला ते पटायचंच नाही. "पोरगी बसून ऱ्हायली की आंबती, म्याडम," हे तुमचं ठरलेलं. प्रत्येक सामन्यात कुणाला तरी उठवायचं, मग सामना कुठल्याही टप्प्यावर असो. सानियाला बाहेर घेतलंत की ती रडकुंडीला यायची. "सर, मैं थकी नै, मेरेकू नक्को निकालो." तुम्ही तिला म्हणायचा, "थकली न्हाईस तर पाणी वाट सगळ्यांस्नी."

सोळावी महादेवी. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावची, घरी कानडी, वडील मेंढरं राखणारे. शाळेत कधी खेळली नव्हती. बॉल आला की पाऊल टाकावं की थांबावं, हे ठरवेपर्यंत बॉल निघून जायचा. पण सराव एकदाही चुकवला नाही तिनं. तुमच्याही आधी मैदानावर यायची, अर्थात त्यात विशेष काही नाही, तुमच्याआधी सगळ्याच यायच्या. सेमीफायनल येईपर्यंत पंधरा जणी कधी ना कधी खेळल्या होत्या आणि ती एकटी राहिली होती. त्या दिवशी तिचे वडील आले होते. मेंढरं भावकीत कुणाच्या तरी हवाली करून, दोन एसट्या बदलून, डोक्याला पटका बांधून तो माणूस विद्यापीठाच्या मैदानाशी कडुलिंबाखाली येऊन बसला. बरोबर कापडात बांधलेल्या कडक भाकरी, सगळ्या संघासाठी.

आणि त्याच आठवड्यात प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. यंदा चषक आला नाही तर मुलींचा फुटबॉल बंद, कबड्डी पुरे आहे, असं त्यांनी साध्या आवाजात सांगितलं. तुम्हाला मी ते सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "बंद करत न्हाईत हो. म्हणत्यात नुसतं." तुमचं सगळं असंच. काळजी करायचं खातं तुम्ही माझ्याकडे दिलं होतं आणि स्वतः मोकळे झाला होतात.

सेमीफायनलला आपण दोन-एकनं पुढे होतो. दहा मिनिटं उरली होती आणि समोरच्या मुली चवताळून येत होत्या. तुम्ही खिशातून चिठ्ठी काढली, तुमच्या त्या गिचमिड अक्षरात लिहिलंत, चार नंबर बाहेर, सोळा नंबर आत, आणि माझ्या हातात दिलीत. चार नंबर म्हणजे आपल्या बचावातली सगळ्यात भक्कम मुलगी. महादेवीनं ट्रॅकसूट काढला होता. ती रेषेशी उभी होती आणि एकदा मागे वळून तिनं कडुलिंबाकडे पाहिलं.

मी चिठ्ठी घेऊन टेबलाच्या दिशेनं निघाले. सात-आठ पावलं गेले. मग पर्स उघडली, चिठ्ठी आत टाकली, परत आले आणि म्हणाले, "सर, आपले पाच बदल झाले. आता होत नाही." चारच झाले होते. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "व्हय का?" एवढंच. मग तुम्ही महादेवीच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलंत. ती पुन्हा उकिडवी बसली. तिनं ट्रॅकसूट घातला नाही, सामना संपेपर्यंत तशीच बसून राहिली.

आपण जिंकलो. पोरी नाचल्या. महादेवीच्या वडिलांनी कापड सोडून भाकरी आणि शेंगांची चटणी वाटली. माझ्यासमोर आले तेव्हा म्हणाले, "तगोळ्री म्याडम, घ्या." मी दोन खाल्ल्या. नाही म्हणायला तोंड नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला भूक लागली होती, जिंकल्याचा आनंदही झाला होता. दुसऱ्या दिवशी फायनल होती. मी मनाशी म्हटलं, चषक येऊ दे, मग सांगू. मग तुम्हीसुद्धा हसाल.

फायनलमध्ये आपण एक-शून्यनं पुढे होतो आणि आठ मिनिटं उरली होती. तुम्ही चिठ्ठी लिहिलीत. मी हात पुढे केला. तुम्ही माझ्या हाताकडे लक्ष दिलं नाहीत. सबंध मोसमात पहिल्यांदाच तुम्ही स्वतः उठलात, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी लंगडत टेबलापर्यंत गेलात, स्वतः सही केलीत आणि सोळा नंबर आत गेली. त्यानंतर चौथ्या मिनिटाला बॉल तिच्याकडे आला. तिनं तो पायाखाली दाबून धरला आणि थांबली. लक्ष्मी गोलमधून ओरडत होती, मार, मार, मग घाबरून तेलुगूत ओरडायला लागली. समोरच्या मुलीनं तिच्या पायातला बॉल काढून नेला आणि गोल केला. जादा वेळेत काही झालं नाही. पेनल्टीवर आपण हरलो.

मी तुम्हाला काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मुलींसमोर, दुसऱ्या कॉलेजच्या शिक्षकांसमोर बोलले. "हा खो-खो नाही सर. तुम्हाला एवढ्या वर्षांत एवढंही कळलं नाही. तुम्ही या पोरींचा संघ बुडवलात." तुम्ही म्हणालात, "पोरींसमोर नको, म्याडम." तुमच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. महादेवी माझ्यापासून चार हातांवर उभी होती. दुसऱ्या दिवसापासून ती मैदानावर आली नाही.

त्यानंतर सात आठवडे आपण बोललो नाही. म्हणजे तुम्ही बोलत होता, मी उत्तरं देत नव्हते. तुम्ही स्टाफरूममध्ये येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "आज लई गरम व्हायलंय," आणि मी उत्तरपत्रिका तपासत राहायचे. एकदा जिन्यात मला थांबवलंत. "म्याडम, एक सांगायचं व्हतं." मी म्हटलं, माझी प्रॅक्टिकल्स आहेत, आणि वर निघून गेले. प्रॅक्टिकल्स दुपारी होती. काय सांगायचं होतं, सर? पुन्हा का नाही थांबवलंत? खो-खोत एवढं चिवटपणे माणसामागं लागायला शिकवता आणि स्वतः एका जिन्यावर हार मानता. मला याचा फार राग येतो.

सोमवारी सकाळी तुम्ही गेल्याचा कॉलेजच्या क्लार्कचा फोन आला. मंगळवेढ्याच्या पुढं तुमच्या गावी आम्ही कॉलेजच्या बसनं गेलो. सगळ्या पोरी आल्या, महादेवीही आली, मागच्या सीटवर बसली. तुमच्या घरी वहिनींनी मला पाहिलं आणि विचारलं, "तुमीच व्हय त्या भूगोलाच्या म्याडम?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "रोज घरी आलं की तुमचंच चालायचं. म्याडमनी असं केलं, म्याडम तसं म्हणल्या. लई वैतागायचे तुमच्यावर." वहिनींना काही वावगं म्हणायचं नव्हतं. मला मात्र तिथंच इतकं रडू आलं की वहिनींनीच मला पाणी दिलं. मी एकटीच वैतागत नव्हते तर.

शोकसभेच्या शेवटी प्राचार्यांना गहिवरून आलं आणि त्यांनी जाहीर करून टाकलं, बंडगर सरांची आठवण म्हणून मुलींचा फुटबॉल संघ कायम राहील आणि त्याची जबाबदारी म्याडमकडे. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना, मग दोघातिघांनी वाजवल्या. म्हणजे चषकाची गरजच नव्हती. तुम्ही म्हणालाच होता, बंद करत नाहीत. तुमचं खरं ठरायला तुम्हाला जावं लागलं, आणि तरी तुमचंच खरं ठरलं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

सभा संपल्यावर महादेवी भूगोलाच्या वर्गाबाहेर थांबली होती. मी तिला आत बोलावलं. ती बसेना. म्हणाली, "म्याडम, मी परत येऊ का खेळायला? सरांनी मला बोलावलं व्हतं. मी आले न्हाय." मी विचारलं, का नाही आलीस. ती म्हणाली, "माझ्यामुळं हरलो की."

मी तिला सांगायला लागले की असं एकीमुळं कुणी हरत नाही, वगैरे. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "सरांनी आप्पांना शब्द दिला व्हता. म्हणून उटवलं मला."

हे मला माहीत नव्हतं, सर. तिनं सांगितलं. सेमीफायनलनंतर तुम्ही तिच्या वडिलांना स्वतःच्या गाडीवर बसवून एसटी स्टँडवर सोडायला गेलात, ती मागून सानियाबरोबर रिक्षानं आली. स्टँडवर तुम्ही त्यांना म्हणालात, आज चूक माझी झाली, बदल मोजायला मी चुकलो, तुमी एवढ्या लांबून आला आणि पोरगी बसून राहिली, उद्या तिला खेळवणार म्हणजे खेळवणार. ते म्हणाले, उद्या मला यायला जमायचं नाही. तुम्ही म्हणालात, तुमी नसला तरी खेळंल.

मी खुर्चीवर बसले. सात आठवडे मी तुम्हाला शिव्या घालत होते की या माणसाला फुटबॉल कळत नाही, एक-शून्य असताना कुणी सोळा नंबरला आत घालतं का. सेमीफायनलला चिठ्ठी टेबलावर दिली असती तर महादेवी तिथं दहा मिनिटं खेळली असती, बापासमोर खेळली असती, आणि फायनलला तुम्हाला कुणाचा शब्द पाळायचा राहिला नसता. फायनल मी हरवली, सर. सेमीफायनलच्या दिवशीच हरवली.

"सर मोजायला चुकले असं तुला वाटतं?" मी विचारलं. महादेवी म्हणाली, "न्हाय. सामना झाल्यावर सरांनी टेबलावर जाऊन इचारलं. मी मागंच हुबी व्हते. चारच झालेत म्हणले ते. मग सर मला म्हणले, म्याडम मोजायला चुकल्या असतील, गडबडीत हुतंय, त्यांना काय बोलायचं न्हाय."

तुम्ही मला सोडवून ठेवलं होतंत. मुलीला सांगितलंत म्याडम चुकल्या, बापाला सांगितलंत मी चुकलो, आणि मला काहीच सांगितलं नाहीत. मी तिथं गप्प बसले असते तर गोष्ट मिटली होती. गडबडीत मोजायला चुकलेली बाई म्हणून मी आरामात निवृत्त झाले असते. क्षणभर मी तसा विचार केला, हेही लिहून ठेवते.

"मी चुकले नव्हते महादेवी," मी म्हटलं. "मला माहीत होतं चार झालेत. सरांनी तुझी चिठ्ठी दिली होती. मी ती पर्समध्ये टाकली. मला सामना जिंकायचा होता."

ती फळ्याकडे बघत राहिली. फळ्यावर कृष्णा खोऱ्याचा नकाशा होता, सकाळच्या तासाचा. मला वाटलं ती रडेल किंवा निघून जाईल. तिनं विचारलं, "सरांस्नी ठावं व्हतं का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. आणि खरंच माहीत नाही. तुम्हाला कळलं होतं का? त्या "व्हय का" मध्ये कळलं होतं का? जिन्यात तेच विचारायचं होतं का, की नुसतं पुढच्या वर्षीच्या खांबांबद्दल काही होतं? हे आता कुणाला विचारू? तुमच्यावर चिडायची सवय आहे म्हणून चिडते, पण या वेळी चिडून काही हाती लागत नाही.

मग महादेवी म्हणाली, "आप्पांस्नी सांगा तुमी. त्यांस्नी अजून वाटतंय सर चुकले." माझ्यावर रागावलीस का, असं मी विचारलं. तिनं स्वतःचा फोन काढला, नंबर लावला, कानडीत दोन वाक्यं बोलली आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडे मेंढरांचा आवाज येत होता. मी त्यांना सगळं सांगितलं. मराठी त्यांना पुरतं कळतंय की नाही याची खात्री नव्हती म्हणून दोनदा सांगितलं, की सर चुकले नव्हते, चूक माझी, आणि ती चूक नव्हती, मी मुद्दाम केलं. ते हां री, हां री म्हणत होते. मग त्यांनी विचारलं, "सर चांगला मानूस री. आता सर न्हाईत. पोरीला कोन खेळवनार?"

मी म्हटलं, मी खेळवते.

"सामन्यात?"

सामन्यात, मी म्हटलं. प्रत्येक सामन्यात.

असा शब्द कुणी देतं का, सर? फुटबॉलमध्ये कुणीही देत नाही. मी फोन परत केला तेव्हा महादेवी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत होती.

काल सकाळी सराव ठेवला. सहा वाजता ठेवला आणि सहालाच सुरू केला. जुन्या सगळ्या आल्या, महादेवीही आली. शिवाय शोकसभेत संघ राहणार असं ऐकून पहिल्या वर्षाच्या नव्या मुली आल्या, चपला घालून, ओढण्या कमरेला बांधून. मी मोजल्या. आता मी मोजताना फार काळजी घेते. जुन्या-नव्या मिळून सत्तावीस आहेत. सत्तावीस जणी कडेला ओळीत उभ्या होत्या आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मैदानात अकराच मावतात, बदल पाचच मिळतात. या सगळ्यांना मी कसं उठवायचं, तेवढं सांगून तरी जायचं होतंत, सर.